युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची बास्केटबॉल लीग, बघायचीय? आधी झोपेचं गणित जमव
ऐरोलीहून सकाळी सातची लोकल पकडतोस ना, मग प्रत्येक मॅच लाइव्ह बघायचा हट्ट सोड. माद्रिदची मॅच तिथे पावणेनऊला सुरू झाली की आपल्याकडे सव्वाबारा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे गेली की थेट सव्वा. पहिल्या वर्षी मी हे विसरलो आणि तासभर कोऱ्या स्क्रीनकडे बघत जांभया देत बसलो.



अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या सवयीने बघू नकोस. इथे ४८ नाही, ४० मिनिटं. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. शॉट एकदा रिंगला लागला की तो कुणीही उडवू शकतो, आत पडणारा असला तरी. वाशीच्या कोर्टवर आपली पोरं नेमकी यावरूनच भांडतात.

टीम? रेआल माद्रिदकडे ११ विजेतेपदं, म्हणून सगळे तिकडेच. माझा जीव ग्रीकांवर. पानाथिनाइकोस-ऑलिंपियाकोस या दोन ग्रीक टीमची मॅच असली की मी सरळ रजा टाकतो. मेमधला फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीमचा टप्पा, मात्र जागूनच बघ, तिथे एका मॅचवर फैसला.