दह्याच्या कांड्या बर्फासारख्या कडक का होतात, आणि काढताना नुसती काडीच हातात का येते?

तुम्ही लिहिलंय की घरचं दही, साखर आणि आंब्याचा रस फेटून साच्यात ओतला, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, तरी कांडी दगडासारखी झाली. मुलांनी चोखायला घेतली तर गोडवा आधी निघून गेला आणि मागे पांढरा बर्फ उरला. काढताना दोन कांड्यांची तर नुसती काडीच वर आली. नेरूळला आमच्या घरी दोन उन्हाळे अगदी हेच व्हायचं, म्हणून सविस्तर लिहिते.

चूक पाण्याची आहे. गाईच्या दुधात शंभरात ८७ भाग पाणी असतं, म्हशीच्या दुधात ८२-८३. दही लागलं म्हणून ते पाणी कुठे जात नाही. गोठताना आधी नुसतं पाणी गोठतं आणि साखर, रस सगळं उरलेल्या पाण्यात ढकललं जातं. म्हणजे कांडीत बर्फाचे खडे आणि त्यांच्या मधे गोड पाक अशी रचना होते. मुलं चोखतात तेव्हा पाक पोटात जातो आणि खडे उरतात. लहानपणी गाडीवरचं गारेगार खाताना रंग संपून शेवटी पांढरी कांडी उरायची, तेच हे. आइस्क्रीमच्या कारखान्यात यंत्र सतत घुसळत असतं, त्यामुळे खडे बारीक राहतात आणि हवाही मिसळते. आपल्याकडे घुसळण नाही, म्हणून पाणी आधीच कमी करायचं.

त्यासाठी दही टांगायचं, पण श्रीखंडाइतकं कोरडं नाही. अर्धा किलो दही, सायीसकट दुधाचं, पंचात घालून चाळणीवर ठेवा, खाली पातेलं, वर ताटली, आणि हे सगळं फ्रीजमध्ये. तीन-चार तासांत साधारण ३५० ग्रॅम उरतं. पंचा उघडलात की कडेचं दही घट्ट आणि मधलं थोडं थलथलीत दिसेल; डाव उभा केला तर सावकाश ओघळेल. इथेच थांबा. पूर्ण चक्का केलात तर कांडी पेढ्यासारखी चिकट लागते, तीही मजा देत नाही. निथळलेलं पाणी फेकू नका, त्यात कणीक मळा, पोळ्या फार मऊ होतात.

पंचा खिडकीला किंवा नळाला टांगून ठेवू नका असं मी आग्रहाने सांगेन. पुण्याकडचं माहीत नाही, पण आपल्या खाडीकाठच्या दमट मे महिन्यात बाहेरचं दही तीन तासांत आंबट होतं. विरजणाचंही तसंच. रात्री नऊला लावलं तर सकाळी जीभ ओढेल असं होतं. मी सकाळी सहाला कोमट दुधात विरजण घालते, अकराच्या सुमारास लागलं की थेट फ्रीजमध्ये. आंबट दह्याला मग साखर जास्त लागते आणि तोल जातो.

साखरेवर तुम्ही हात आखडता घेतला असणार, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. मुलांसाठी कमी गोड करावं हे मन मलाही कळतं. पण साखर इथे चवीपुरती नसते, ती पाण्याला पूर्ण गोठू देत नाही. कमी घातली की दगड, फार घातली की कांडी बसतच नाही. शिवाय गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, म्हणून मिश्रण चाखताना जरासं जास्तच गोड वाटलं पाहिजे. वरच्या ३५० ग्रॅम दह्याला एक वाटी, म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास, आंब्याचा रस, पाच सपाट मोठे चमचे पिठीसाखर, दोन चमचे दुधाची पावडर आणि चिमूटभर मीठ. पावडर उरलेलं पाणी धरून ठेवते, तिच्यामुळे फरक खरंच कळतो. वेलची आवडत असेल तर घाला. एवढ्यात मध्यम साच्याच्या आठ कांड्या होतात. रवीने किंवा चमच्याने हलवा, मिक्सर नको. चांगलं निथळवलेलं दही मिक्सरमध्ये सैल होतं. रस तेवढा मिक्सरमधून काढून गाळून घ्या, आंब्याचा एक धागासुद्धा कांडीत दातात येतो.

आंबा कुठला, तर कांडीसाठी देखणा हापूस वाया घालवू नका. मेच्या शेवटी वाशीच्या फळमार्केटात किंवा घराजवळच्या हातगाडीवर डागी आंबे स्वस्त मिळतात. डागाचा भाग कापून टाकला की उरलेला गर पूर्ण पिकलेला, गोड आणि घट्ट असतो, आपल्याला तोच हवा. पायरीही चालते, पण रस पातळ, तो आधी दहा मिनिटं मंद आचेवर आटवून गार करून घ्या. केळं आणि चिकू कांडीला सगळ्यात मऊ ठेवतात. कलिंगड टाळा, ते जवळपास सगळं पाणीच. न शिजवलेला अननस तर घालूच नका; दह्यात तो कडू होतो, कारण त्यातला पाचक रस दुधातली प्रथिनं मोडतो. अननस हवाच असेल तर साखरेत उकळून घ्या, मग काही होत नाही. साखरेऐवजी मध घालणार असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला ती कांडी देऊ नका.

आमच्या सासऱ्यांना साखर चालत नाही. त्यांच्यासाठी मी पातळ दह्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलं आलं, मीठ, कोथिंबीर घालून बर्फाच्या ट्रेमध्ये लावते. साखर नसल्याने त्याची कांडी केली तर दात लागत नाहीत, म्हणून चौकोनी तुकडेच बरे. दुपारी ताकाच्या पेल्यात दोन तुकडे सोडले की ताक गार होतं आणि विरघळताना चव पातळ न होता वाढत जाते. हे तुम्ही नक्की करून बघा, घरातल्या मोठ्यांना फार आवडतं.

गोठणं जितकं जलद तितके खडे बारीक. मिश्रण आधी तासभर फ्रीजमध्ये गार करा, फ्रीजरचा खटका आदल्या रात्रीच सगळ्यात थंडवर आणा, आणि साचा मागच्या भिंतीला टेकवून ठेवा. साचा नसेल तर स्टीलची फुलपात्रं प्लॅस्टिकपेक्षा लवकर गार होतात. ॲल्युमिनियमचे जुने कुल्फीचे कोन मात्र दह्यासाठी नकोत, आंबट पदार्थाला धातूची चव लागते. वरून फॉइल लावा, नाहीतर फ्रीजरमधल्या मासळीचा वास दही पटकन ओढून घेतं. एकदा आमच्याकडे दुपारी चार तास लाइट गेली होती, कांड्या अर्धवट सुटल्या आणि पुन्हा गोठल्यावर वाळूसारख्या कचकच लागल्या. लाइट गेली की फ्रीजरचं दार उघडू नका, एवढंच आपल्या हातात असतं.

आता काडीचं. तुम्ही ती सुरुवातीलाच उभी केली असेल तर ती वर तरंगली आणि तिरकी झाली असणार. दीड तासाने साचा बाहेर काढा, कडा घट्ट आणि मधला भाग थंड खिरीसारखा झालेला असेल, तेव्हा फॉइलला सुरीने चीर पाडून काडी दोन तृतीयांश आत घाला. काडी सरळ उभी राहते आणि तिच्याभोवती नीट गोठतं. मग किमान सात-आठ तास हात लावू नका. काढताना काडी पिळायची नाही. पिळलं की काडीभोवतीची पकडच सुटते, आणि तुमच्या त्या दोन कांड्यांचं हेच झालं असावं. साचा काठापर्यंत पाण्यात बुडवा, पंधरापर्यंत मोजा, बाजू हलक्या दाबा आणि काडी सरळ वर ओढा. कोमट पाणी मुद्दाम करायला नको. मेमधल्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला हात पोळेल इतकं तापून येतं, त्यात पंधराच्या ऐवजी आठच मोजा.