वाचकांचे प्रश्न : डोंगरांतला काळा भुईकोट

मात्सुमोतोबद्दल आलेल्या पत्रांपैकी वेगवेगळे प्रश्न विचारणारी सहा पत्रे निवडली आहेत. जपानच्या नागानो प्रांतातले हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात वसले आहे. तिथला किल्ला मात्र डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे.

प्रश्न : आमचा टोकियो आणि क्योतोचा कार्यक्रम ठरला आहे. मधला एक दिवस काढून टोकियोहून मात्सुमोतोला जाऊन परत येता येईल का? रेल्वे पास घ्यावा का? (होटगी रस्ता, सोलापूर)

जाऊन येता येते, पण आमचे मत स्पष्ट आहे : तसे करू नका. टोकियोच्या शिंजुकू स्थानकावरून 'अझुसा' ही जलद गाडी मात्सुमोतोला साधारण दोन तास चाळीस मिनिटांत पोहोचते. सकाळी सातला निघालात तरी स्थानकातून बाहेर पडेपर्यंत पावणेदहा वाजतात. पुढे किल्ल्यापर्यंत पंधरा ते वीस मिनिटे चालायचे. म्हणजे नेमके गर्दी भरू लागते तेव्हा तुम्ही दारात. मग रांग, घाईघाईने जिने, कसेबसे जेवण आणि पुन्हा गाडी.

त्यापेक्षा टोकियोला परतूच नका. मात्सुमोतोत एक रात्र मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी 'शिनानो' गाडीने नागोयाला जा. हा प्रवास सुमारे दोन तासांचा आहे. नागोयाहून क्योतोला शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) मिळते. आलेल्या वाटेने परत जाण्याचा वेळ वाचतो आणि किसो खोऱ्याचा सुंदर रस्ता पाहायला मिळतो. एक सूचना : हे खोरे वळणावळणाचे आहे आणि वळणावर वेग टिकवण्यासाठी शिनानोचे डबे एका अंगाला कलतात. घाटात ज्यांना मळमळते त्यांनी निघण्याआधी गोळी घ्यावी आणि गाडीत मोबाइलमध्ये डोके घालून बसू नये.

अझुसामध्ये सगळ्या जागा आरक्षित असतात. शिंजुकूहून निघताना डाव्या खिडकीची जागा मागा. हवा स्वच्छ असेल तर वाटेतल्या कोफू शहराच्या आसपास फुजी पर्वत दिसतो. उजव्या बाजूला पुढे यात्सुगाताकेची डोंगररांग लागते. एका वेळचे तिकीट २०२५ मध्ये साडेसहा हजार येनच्या आसपास होते. सात दिवसांचा देशभराचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येनचा झाला, त्यामुळे टोकियो, मात्सुमोतो आणि क्योतो एवढ्यासाठी तो परवडत नाही. सुटी तिकिटे काढा.

प्रश्न : तिकीट आधी काढावे लागते का? किती वाजता जावे? (सात रस्ता, सोलापूर)

किल्ला सकाळी साडेआठला उघडतो आणि पाचला बंद होतो, शेवटचा प्रवेश साडेचारला. २९ ते ३१ डिसेंबर बंद. एप्रिल २०२५ पासून प्रौढांना खिडकीवर १,३०० येन आणि ऑनलाइन १,२०० येन पडतात. ऑनलाइन तिकिटाला वेळ ठरवून मिळते, म्हणून तेच काढा.

रांग का लागते हे कळले की वेळ निवडणे सोपे जाते. आतले जिने अरुंद आहेत आणि चढणारे-उतरणारे तिथे एकमेकांसाठी थांबतात, त्यामुळे एका वेळी फार माणसे आत सोडता येत नाहीत. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातली सलग सुटी आणि ऑगस्टच्या मध्याचा ओबोन हा पितरांचा सण या काळात तास-दीड तास सहज जातो. मुक्काम शहरात असेल तर सव्वाआठलाच दारात उभे राहा.

फोटोसाठी : सकाळचे ऊन आग्नेय बाजूच्या भिंतींवर येते, तेव्हा खंदकाच्या त्या काठावरून काळा मनोरा आणि मागे डोंगर अशी चौकट मिळते. लाल पूल पश्चिमेच्या काठावरून दिसतो, तिथे दुपारनंतर जा. बाहेरच्या बागेला तिकीट नाही. रात्री किल्ल्यावर दिवे सोडतात, तेव्हा जेवणानंतर एक फेरी माराच.

प्रश्न : आईचे वय ६८, गुडघे दुखतात. ती वरपर्यंत चढू शकेल का? (जुळे सोलापूर)

खरे सांगायचे तर त्यांना मनोऱ्यावर चढवू नका. लिफ्ट नाही आणि इमारत राष्ट्रीय ठेवा असल्याने बसवताही येणार नाही. आत सहा मजले आहेत, एकूण १४० पायऱ्या. सर्वात खडा जिना चौथ्या मजल्यावरून पाचव्यावर जातो, त्याचा कोन ६१ अंश. काही पायऱ्यांची उंची ४० सेंटिमीटरच्या जवळ जाते, म्हणजे घरातल्या पायरीच्या दुपटीहून जास्त. चढताना दम लागतो, पण गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना होते : सगळा भार एका वाकलेल्या पायावर येतो आणि मागून माणसे येत असतात.

बूट दारातच काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात. म्हणजे एक हात अडकलेला, पायात मोजे आणि खाली शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेले लाकूड. घसरण्याचे कारण हेच. तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे सोलापुरातूनच घेऊन जा. पाठीवर लहानशी सॅक ठेवा आणि बूट तिच्यात टाका, दोन्ही हात मोकळे राहतील. साडी नको, सलवार किंवा पँट बरी. मोठ्या बॅगा स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवून या. उतरताना तोल जातोय असे वाटले तर तोंड जिन्याकडे करून, शिडी उतरतो तसे उतरा.

आईंना आतल्या अंगणातल्या बाकावर बसू द्या. मनोरा तिथून सगळ्यात भव्य दिसतो. नंतर नाकामाची रस्त्यावरची पांढऱ्या चुन्याची जुनी गोदामे आणि नदीकाठची नावाते गल्ली सपाट आहेत. त्या सावकाश फिरता येतील.

प्रश्न : मी इतिहास शिकवतो. जपानमधले बरेच किल्ले काँक्रीटचे आहेत असे ऐकले. हा मूळचा आहे का? आपल्या किल्ल्यांची सवय असलेल्याने तिथे काय पाहावे? (पंढरपूर)

आपण ऐकले ते बरोबर आहे. ओसाकाचा आजचा मनोरा १९३१ चा आणि नागोयाचा १९५९ चा, दोन्ही काँक्रीटचे. मूळ मनोरे देशभरात फक्त १२ उरले. त्यांतले पाच 'राष्ट्रीय ठेवा' आहेत : हिमेजी, हिकोने, इनुयामा, मात्सुए आणि मात्सुमोतो. इथला मुख्य मनोरा इशिकावा काझुमासा हा सरदार आणि त्याचा मुलगा यासुनागा यांच्या काळात, १५९३-९४ च्या सुमारास उभा राहिला. उंची २९.४ मीटर.

सोलापूरचा भुईकोट डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर पुष्कळ काही आपोआप उलगडेल. डोंगराचा आधार नसलेल्या किल्ल्याला पाणी वाचवते, म्हणून आधी खंदक पाहा. आतला खंदक सर्वात रुंद जागी सुमारे ६० मीटर आहे. त्या काळच्या तोड्याच्या बंदुकीचा नेम जिथवर नीट लागे, त्याच बेताने ही रुंदी राखली गेली. मग भिंतीतल्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोके, मोजा. उभ्या आणि लांबट त्या बाणांसाठी, चौकोनी त्या बंदुकांसाठी. एकूण ११५ आहेत. कोपऱ्यांत भिंत बाहेर काढून खाली फटी ठेवल्या आहेत, तटाला चिकटलेल्या शत्रूवर दगड टाकायला. जपानमध्ये बंदूक १५४३ मध्ये आली. पन्नासच वर्षांत किल्ल्याची बांधणी तिच्यासाठी किती बदलली, ते इथे डोळ्यांनी दिसते.

बाहेरून पाच मजले मोजाल, आत सहा निघतील. तिसरा मजला छपराच्या आड लपला आहे. त्याला खिडकी नाही आणि बाहेरून तो ओळखू येत नाही.

दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे आग्नेय कोपऱ्यातली चंद्रदर्शनाची माडी. ती १६३० च्या दशकात मात्सुदाइरा नाओमासाने जोडली. शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) इएमित्सु येणार म्हणून ती बांधली, पण तो आलाच नाही. तीन बाजू मोकळ्या, लाल कठडा, जंग्या एकही नाही. जेमतेम चाळीस वर्षांच्या अंतराने झालेली दोन बांधकामे एकमेकांना चिकटून उभी आहेत. एकात युद्धाची धास्ती आहे, दुसऱ्यात शांततेचा निवांतपणा. विद्यार्थ्यांना शिकवायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

काळा रंग खऱ्या लाखेचा आहे. पावसापाण्याने आणि उन्हाने ती झिजते, म्हणून दर वर्षी शरद ऋतूत कारागीर लाखेचा हात पुन्हा देतात.

मनोरा एकेकाळी कलला होता. १६८६ च्या शेतकरी उठावात मारल्या गेलेल्या तादा कासुकेच्या शापाने तो कलला, अशी दंतकथा आहे. खरे कारण जमिनीत आहे. माती मऊ, म्हणून दगडी जोत्याच्या आत १६ लाकडी खांब पुरून त्यांवर भार घेतला होता. ते खांब कुजले. १८७२ मध्ये तर मनोरा लिलावात विकला गेला आणि पाडला जाणार होता. इचिकावा र्‍योझो यांनी तिथे प्रदर्शने भरवून पैसे उभे केले आणि तो सोडवला. पुढे कोबायाशी उनारी या शाळेच्या मुख्याध्यापकांनी १९०३ ते १९१३ मध्ये दुरुस्ती करवून घेतली. संपूर्ण जीर्णोद्धार १९५० ते १९५५ मध्ये झाला. आपल्याकडच्या शिक्षकांनी कोबायाशींचे नाव जरूर लक्षात ठेवावे. वेळ उरला तर १८७६ ची काइची शाळाही पाहा. ती २०१९ मध्ये राष्ट्रीय ठेवा ठरली.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडेही नाही. तिथे काय खावे? (अक्कलकोट)

अडचण मांसाची नाही, ते दिसते. अडचण 'दाशी'ची आहे. वाळवलेल्या बोनितो माशाचा हा अर्क रस्सा, चटणी, उकडलेली भाजी, सगळ्यांत असतो आणि 'भाजीचे आहे' असे सांगणाऱ्यालाही तो मासा वाटत नाही. म्हणून नुसते 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. हे वाक्य कागदावर लिहून घ्या : 'निकु तो साकाना तो तामागो तो साकाना नो दाशि वा ताबेरारेमासेन.' म्हणजे मांस, मासा, अंडे आणि माशाचा अर्क मी खात नाही. हॉटेलच्या माणसाकडून तेच जपानी लिपीत लिहून घेतले तर काम आणखी सोपे.

नागानो सोबासाठी प्रसिद्ध आहे. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, बहुधा थोडा गहू घालून केलेल्या. शेवया नुसत्या पाण्यात उकडतात. दाशी असते ती सोबतच्या बुडवायच्या रश्शात. थंड झारु सोबा घ्या, रस्सा परत करा आणि मीठ व वासाबी (झणझणीत हिरवी चटणी) मागा. तेम्पुराच्या भाज्या नकोत, कारण त्याच तेलात कोळंबी तळलेली असते. ओयाकी हा भरलेल्या कणकेचा गोळा गल्लीत मिळतो. त्यातला गोड लाल चवळीचा निर्धास्त खा, भाजीचा विचारून.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोबत न्यायला हरकत नाही. ताजी फळे आणि ताजा कढीपत्ता मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे? कामिकोची जोडता येईल का? (बार्शी)

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात खंदकाकाठी चेरी फुलते, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाने रंगतात. जानेवारीत पहाटे पारा शून्याखाली पाचपर्यंत उतरतो. बर्फ तुलनेने कमी आणि ऊन स्वच्छ असते, पण मनोऱ्यात शेकोटी नाही आणि लाकूड पायाला चटका बसावा इतके गार असते. मोजे दोन घाला.

कामिकोची ही डोंगरांतली उंचावरची दरी एप्रिलच्या उत्तरार्धापासून १५ नोव्हेंबरपर्यंतच उघडी असते. खासगी गाड्यांना बंदी आहे. मात्सुमोतोहून छोट्या रेल्वेने शिन-शिमाशिमा अर्धा तास, पुढे बसने तासाभराहून थोडे जास्त. त्यासाठी दुसरी रात्र राखा आणि परतीच्या बसची वेळ उतरल्याबरोबर टिपून घ्या. शेवटची बस चुकली तर वरच राहावे लागते, आणि तिथल्या खोल्या फार आधी भरलेल्या असतात.