एक लाखात जंगलाचा कॅमेरा: आधी लेन्स ठरवा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. चोपड्यात नोकरी, मित्राच्या कॅमेऱ्यावर हात बसलेला, आता यावलच्या जंगलातले पक्षी आणि हिवाळ्यात हतनूर धरण असं डोक्यात आहे, आणि हाताशी एक लाख रुपये आहेत. दुकानदार म्हणतो, नवीन बॉडी आणि दोन लेन्सचा संच घ्या, बिनव्याजी हप्त्यांवर. चुलतभाऊ म्हणतो, घ्यायचाच तर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घे. मला दोघांचंही पटत नाही. लाखातले ५५-६० हजार लेन्सला ठेवा, ३०-३५ हजारात जुनी बॉडी बघा, उरलेले कार्ड, जादा बॅटरी आणि मोनोपॉडला (एका पायाचा स्टँड). आणि हप्ता करू नका.

दुकानदाराच्या संचातली मोठी लेन्स २५० किंवा ३०० एमएमची असते. मोर, नीलगाय, फार तर बगळा यांच्यापर्यंत ती पुरते. पण तुम्हाला हवाय रानपिंगळा, म्हणजे पानं गळालेल्या सागाच्या उंच फांदीवर बसलेला वीतभर पक्षी. त्याच बॉडीवर २५०च्या जागी ५०० एमएम लावली की पक्षी उंचीला दुप्पट आणि रुंदीला दुप्पट येतो, म्हणजे पक्ष्यावर चौपट पिक्सेल पडतात. हा फरक कुठलीही नवी बॉडी भरून काढत नाही. शिवाय बॉडीची किंमत दोन-तीन वर्षांत कोसळते. चांगली जपलेली टेलिफोटो त्या मानाने भाव धरून राहते.

फुल फ्रेमचं म्हणाल, तर २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम बॉडीवर ५०० एमएम लावून फोटो एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) इतका कापला, तर हातात साडेदहा मेगापिक्सेलच्या आसपास उरतं. आणि पक्ष्यांचे फोटो कापावे लागतातच. निकॉनच्या एपीएस-सी बॉडीवर तीच लेन्स ७५०सारखा कोन देते, आणि तिथे सगळे २४ मेगापिक्सेल पक्ष्याच्या बाजूला असतात. कमी उजेडात फुल फ्रेम सरस असतं, नाही असं नाही. पण त्याचा खरा फायदा घ्यायचा तर तेवढीच मोठी आणि महाग लेन्स लागते. तुमचा भाऊ लग्नं शूट करत असेल तर त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे.

आता नेमकं काय घ्यायचं. माझी पहिली पसंती निकॉनची २००-५०० एफ/५.६ लेन्स आणि डी७२०० बॉडी. ही लेन्स २०१५ची आहे, पूर्ण झूमभर एफ/५.६ देते (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त) आणि तिचं व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) भरवशाचं आहे. डी७२००ही त्याच वर्षातली. सेकंदाला ६ फ्रेम, ५१ फोकस पॉइंट, दोन कार्डांची सोय. मुख्य म्हणजे तिच्यात फोकस बारीक जुळवायची सोय आहे. डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) लांब लेन्स कधी कधी पक्ष्याच्या किंचित पुढे किंवा मागे फोकस करते, ते घरी बसून सुधारता येतं. डी५६००सारख्या हलक्या बॉडीत ही सोय नाही, म्हणून ती स्वस्त मिळाली तरी मी सुचवत नाही. कोणी फारच स्वस्तात डी९० देऊ केली तर ती या लेन्सला चालणारच नाही. लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) विजेवर चालतं आणि ते त्या बॉडीला चालवता येत नाही. सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० चांगल्या अवस्थेत आणि कमी भावात मिळाली तर बिनधास्त घ्या. ६००ला ती एफ/६.३ होते, एवढंच.

वजनाचा विचार मात्र आधी करा. २००-५०० कॉलरसह (स्टँडला जोडायची कडी) २.३ किलो, वर बॉडी पाऊण किलो. हे तीन किलो घेऊन पाल गावापासून लंगडा आंबा या ठिकाणाच्या बाजूला सकाळभर चढ-उतार करायचा आहे. आपल्याकडे ताडोबासारखी जिप्सी नाही, सातपुड्यात पक्षी बघायचे तर पायीच. पट्टा बॉडीला न लावता लेन्सच्या कॉलरला लावला तर निम्मा त्रास जातो. तरीही पाठीचा किंवा मानेचा त्रास असेल तर कॅननची जुनी ४०० एफ/५.६ एल बघा. सव्वा किलोची आहे, उडत्या पक्ष्यावर फोकस झटकन धरते. तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, म्हणून शटर वेगवान ठेवावं लागतं. जोडीला ७डी मार्क टू चालेल. फक्त आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६००च्या वर तिच्या फोटोत दाणे दिसायला लागतात.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवा कॅमेरा, का नाही, असं विचाराल. कॅननची आर१० आणि आरएफ १००-४०० ही जोडी मिळून किलोभराची आहे आणि पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून धरते. नवशिक्याला हे वरदान आहे. पण दोन्ही नवीन घेतली तर लाखाच्या बरीच वर जातात. शिवाय ४००ला ती लेन्स एफ/८ होते, म्हणजे एफ/५.६च्या निम्मा प्रकाश. सागाच्या जंगलात सकाळी सातला हा निम्मा प्रकाश फार जाणवतो. पुढेमागे बजेट दीड लाखापर्यंत जाणार असेल आणि चालणं जास्त असेल, तर याच वाटेने जा. मग आत्ता घाईने डीएसएलआर घेऊ नका.

निकॉन पी९५०सारख्या मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यांना बरेच जण नाक मुरडतात. मी नाही मुरडत. ८३ पट झूम आणि रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल, तेही एकाच डब्यात. नोंदी ठेवायला, दूरवरच्या बदकाची ओळख पटवायला तो फार कामाचा आहे. सेन्सर बारीक, म्हणून कमी उजेडात आणि उडत्या पक्ष्यावर तो हरतो. पक्षीनिरीक्षण हीच खरी आवड असेल आणि फोटो हा पुरावा असेल, तर तो घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली ८×४२ दुर्बीण घ्या.

आता आपल्या भागाचं, कारण पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात हे येत नाही. खान्देशात फोटो सर्वांत जास्त बिघडवते ती हवा. हतनूरच्या पाण्यावर पट्टकदंब किंवा चक्रवाक दोनशे मीटरवर दिसतात. ऊन चढलं की पाण्यावरची आणि काळ्या रानावरची हवा थराथराने वेगवेगळी तापते, प्रकाश वाकतो आणि फोटोत पक्षी विरघळल्यासारखा दिसतो. लोकांना वाटतं लेन्स खराब. ६००ची लावली की झळाही तेवढ्याच मोठ्या होतात. उपाय दोनच: उजाडायच्या आधी काठावर बसा, किंवा पक्षी जवळ येईल अशी जागा धरा. गाडीतून फोटो काढत असाल तर एसी आणि हीटर बंद ठेवून काच आधीच खाली करा, नाहीतर खिडकीतच झळा तयार होतात. मेमध्ये कॅमेरा मोटारसायकलच्या डिकीत ठेवून चहाला थांबू नका. धुळीत लेन्स बदलायची वेळ येऊ नये, हाही एकच मोठी लेन्स घेण्याचा फायदा.

आपल्या कोरड्या हवेचा उलटा फायदाही आहे. लेन्सला बुरशी लागते ती दमट हवेत, म्हणून जळगाव-धुळ्यात वापरलेली लेन्स मला मुंबई-कोकणातल्या लेन्सपेक्षा जास्त भरवशाची वाटते. पण पक्ष्यांच्या लेन्स विकायला निघतात त्या बहुतेक पुण्या-मुंबईतच, कारण तिथले लोक मिररलेसकडे वळलेत. तेव्हा मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की भाव न करता उठा. धुळीचे दोन-चार कण असतील तर काही बिघडत नाही. व्हीआर चालू करून कान लावा, खरखर नको. २०० आणि ५००, दोन्हीकडे दूरच्या पाटीवर फोकस करून फोटो संगणकावर मोठा करून बघा. एफ/१६ला आकाशाचा फोटो काढला की सेन्सरवरचे डाग दिसतात. बिल मागा आणि त्यावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्याशी ताडून बघा. बाहेरून आणलेल्या मालावर कंपनीची भारतातली वॉरंटी नसते. भाव फारच कमी असेल तर हेच कारण असण्याची शक्यता धरा.

बॉडी मात्र इथेच शोधा. आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोग्राफरांकडे डी७२०० भरपूर आहेत आणि तेही मिररलेस घेत आहेत. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेला सीझन आषाढात थंडावतो, चातुर्मासात हातात काम नसतं, तेव्हा भाव करायला जागा असते. लग्नाच्या कॅमेऱ्याचं शटर खूप चाललेलं असतं. डी७२००चं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. किती क्लिक झाले तो आकडा निकॉनच्या फोटो फाइलमध्येच लिहिलेला असतो, त्यामुळे समोर एक फोटो काढून घ्या आणि तपासा. साठ-सत्तर हजारांच्या आत असेल तर उत्तम. लाखाच्या वर असेल तर भाव चांगलाच पाडून मागा.

पैशांचं. बिनव्याजी हप्त्यात व्याज सूट म्हणून आधी वजा दाखवतात. पण क्रेडिट कार्डावर त्या व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो, वर प्रोसेसिंग फी, आणि रोखीवर मिळाली असती ती सवलत बुडते ती वेगळीच. त्यापेक्षा भिशी लागेपर्यंत थांबा, किंवा पतपेढीत वर्षभराची आवर्ती ठेव काढा. दरम्यान नाशिक किंवा पुण्याहून २००-५०० दोन दिवस भाड्याने आणा. अनामत आणि ओळखपत्र लागतं. ती खांद्यावर घेऊन डोंगरात एक सकाळ चाललात की वजनाचा प्रश्न आपोआप सुटेल. सॉफ्टवेअरवर एक रुपया घालू नका, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ आणि डार्कटेबल दोन्ही फुकट आहेत.

रानपिंगळ्यासाठी सेकंदाला वीस फ्रेमची गरज नाही. हा दिवसा वावरणारा पक्षी, एकाच फांदीवर बराच वेळ बसतो. व्हीआर असेल तर १/३२० सेकंदात काम होतं. १/२००० लागतं ते माळावरच्या भोवत्या या शिकारी पक्ष्यांना आणि हतनूरवर सूर मारणाऱ्या नदी सुरयांना. मात्र एक सांगतो. १८८४ नंतर हा पक्षी शंभरहून जास्त वर्षं कोणाला खात्रीने सापडला नव्हता, तो २५ नोव्हेंबर १९९७ला आपल्या शहाद्याजवळ पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी अभ्यासकांना दिसला. तेव्हापासून बाहेरचे फोटोग्राफर येतात आणि काही जण मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला पुढे बोलावतात. ऐन विणीत पक्षी घरटं सोडून भांडायला येतो. तुम्ही इथलेच आहात, तुम्हाला घाई नाही. आवाज वाजवू नका आणि घरट्याची जागा कुठेही टाकू नका. अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी काढूनच जा. आणि कॅमेरा हातात आला म्हणून वढोदा-डोलारखेड्याच्या केळीबागांत वाघ शोधत पायी फिरू नका. तिथल्या मजुरांना त्याचा त्रास आधीच पुरेसा आहे.

लेन्स बघायला जायचं ठरलं की विकणाऱ्याकडून ५०० एमएमला एफ/५.६वर काढलेले दोन न कापलेले मूळ फोटो आधी मागवा आणि इथे टाका. बघून सांगतो, तिकीट काढायचं की नाही ते.