रिपोर्टमध्ये ‘सेन्सिटिव्ह’ असूनही वडिलांच्या कफातला स्यूडोमोनास पुन्हा का येतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडिलांना ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार) आहे, कफात स्यूडोमोनास हा जिवाणू निघाला, रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे जिवाणू ज्याला दबतो असं लिहिलेलं अँटिबायोटिक चौदा दिवस दिलं, बरं वाटलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तोच जिवाणू, पुन्हा तोच रिपोर्ट. मग लॅबचं चुकलं का?

मी लॅबमध्ये हेच काम करतो. बहुधा काहीही चुकलेलं नाही. फक्त सेन्सिटिव्हसाठी आम्ही लिहिलेल्या त्या ‘एस’ला घरची माणसं आमच्यापेक्षा मोठा अर्थ देतात.

कफातून जिवाणू वेगळा काढायचा, सलाइनमध्ये कालवायचा, जिवाणूंचं खाद्य असलेल्या प्लेटवर सारखा फासायचा आणि वर औषधाच्या टिकल्या ठेवायच्या. रात्रभर ३५ अंशांवर ठेवून सकाळी टिकलीभोवती जिवाणू न उगवलेलं किती मिलिमीटर मोकळं वर्तुळ पडलंय ते मोजायचं. पुरेसं मोठं असेल तर ‘एस’. झाली टेस्ट. म्हणजे आम्ही ज्याची परीक्षा घेतो तो जिवाणू सुटा, खाऊनपिऊन सुखी आणि भराभर वाढणारा असतो.

छातीतला तसा नसतो. रुंदावलेल्या श्वासनलिकांत कफ साचून राहतो आणि त्यात हे जिवाणू गठ्ठ्या-गठ्ठ्यांनी वस्ती करतात. भोवती चिकट शर्करा, प्रथिनं आणि मेलेल्या पेशींमधून सुटलेला डीएनए यांचा लगदा. हीच बायोफिल्म. नावावरून भिंतीला चिकटलेला थर डोळ्यांपुढे येतो. व्हेंटिलेटरच्या नळीत तसा थर सापडतोही, पण फुप्फुसात बरेचदा कफातच अडकलेले गोळे असतात. जुना स्यूडोमोनास अल्जिनेट नावाची शर्करा इतकी सोडतो की प्लेट उघडताच ओळखू येतो. कॉलनी (प्लेटवर उगवलेले जिवाणूंचे ठिपके) ओल्या, फुगलेल्या, एकमेकींत ओघळलेल्या. लूप, म्हणजे टोकाला कडी असलेली तार, टेकवून उचलला की शेंबडासारखा धागा निघतो. अशा कॉलनींना ‘म्युकॉइड’ म्हणतात.

ही गोष्ट नवी नाही. सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहणाऱ्या डच लेव्हेनहुकने दातांवरच्या किटणात जिवाणू पाहिले, त्यावर व्हिनेगरचा प्रयोगही केला. व्हिनेगरने चूळ भरली तरी किटणातले जिवंतच राहिले. तेच किटण काढून व्हिनेगरमध्ये कालवलं तेव्हा मेले. चूळ फक्त वरवरच्यांना मारते, आत पोचत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. हे पत्र छापून आलं १६८४ मध्ये! तुमच्या वडिलांच्या छातीत थोडंफार तेच चाललंय.

थोडंफार, कारण औषध आत न पोचणं हे एकच कारण नाही. टोब्रामायसिनसारखी धनभारित औषधं त्या लगद्यातल्या ऋणभारित अल्जिनेटला आणि डीएनएला चिकटून वाटेतच अडकतात हे खरं. पण काही औषधं आत जातात, आणि तरी काम होत नाही. गोळ्याच्या पोटात ऑक्सिजन तुटपुंजा, त्यामुळे तिथले जिवाणू जवळजवळ वाढ थांबवून बसलेले. बहुतेक अँटिबायोटिकं चालू कारखान्यावर घाव घालतात. बंद कारखान्यात ती काय मोडणार? काही पेशी तर पार झोपलेल्या असतात. त्यांना ‘पर्सिस्टर’ म्हणतात, हे नाव जीवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये दिलं. औषध थांबलं की त्या उठतात आणि वस्ती पुन्हा भरते. यात औषधाला तोंड देणारा जनुकीय बदल झालेलाच असतो असं नाही, म्हणून तो जिवाणू प्लेटवर आणला की पुन्हा प्रामाणिकपणे ‘सेन्सिटिव्ह’ येतो.

माझ्या मते घरी सगळ्यात दुर्लक्षित राहते ती कफ बाहेर काढण्याची फिजिओथेरपी. गोळ्यांच्या वेळा घड्याळ लावून पाळल्या जातात आणि श्वासाचे व्यायाम ‘आज राहू दे’मध्ये जातात. उखडून बाहेर पडलेल्या बायोफिल्मसाठी औषधाची गरजच उरत नाही! वारंवार त्रास होत असेल तर नेब्युलायझरमधून द्यायचं अँटिबायोटिक, किंवा दीर्घकाळ कमी मात्रेत अझिथ्रोमायसिन, यांबद्दल छातीच्या डॉक्टरांना विचारा. अझिथ्रोमायसिन आधी ईसीजी आणि कफाची टीबीवर्गीय जंतूंसाठी तपासणी झाल्याशिवाय सुरू करू नये. आणि डीएनए तोडणारं डॉर्नेज अल्फा कुणी सुचवलं तर थांबा: सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात ते उपयोगी आहे, इतर कारणांच्या ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये मात्र त्याने अपायच दिसला.

पुढच्या वेळी कफ द्याल तो नवा कोर्स सुरू करण्याआधीचा, सकाळचा आणि खोलवरून खोकून काढलेला द्या, थुंकी नको. आणि लॅबला एवढं विचारा, कॉलनी म्युकॉइड आहेत का? आम्ही पाहिलेलं असतं, रिपोर्टवर लिहायचं कधीकधी राहून जातं.