सवलत घेतली तर मुलगा आळशी होईल का?

प्रश्न: ताई, माझा मुलगा सहावीत आहे. तोंडी विचारा, इतिहासाचा अख्खा धडा कारणांसकट सांगतो. लिहायला बसवलं की दोन ओळींत अडतो. ‘सूर्य’चा ‘सुय’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो. रीतसर तपासणी झाली, वाचन आणि लेखन दोन्हींत अध्ययन अक्षमता असल्याचं निदान झालं. शाळा म्हणते, परीक्षेला वाढीव वेळ आणि तो सांगेल ते लिहून देणारा लेखनिक घ्या. सासरे म्हणतात, ही हल्लीची थेरं आहेत, एकदा लेखनिकाची सवय लागली की हा पेन हातात धरायचा नाही. खरं सांगते, मलाही मनातून तीच भीती वाटते. काय करू? – एक आई

उत्तर: सवलत घ्या, आणि रोजचं वाचन-लेखन शिकवणंही चालू ठेवा. दोन्ही हवं, कारण दोन्हींची कामं वेगळी आहेत. इतिहासाच्या पेपरात मुलाला इतिहास किती कळला हे बघायचं असतं. तिथे त्याचं घोडं रफारापाशी अडलं, तर त्याचा इतिहास तपासलाच जात नाही. लेखनिक ती अडचण तेवढ्यापुरती बाजूला करतो. पण लेखनिक मिळाला म्हणून वाचायला शिकवणं थांबलं, तर मात्र तुमची भीती खरी ठरेल. मुलं आळशी होतात म्हणून नव्हे. मोठ्यांनी शिकवणं सोडून दिलेलं असतं म्हणून. मी अशा मुलांना शिकवते, त्यामुळे हे फार जवळून पाहते. सवलतीचा कागद हातात आला की घर निश्चिंत होतं, शाळाही निश्चिंत होते, आणि मूल तिसरीच्या पातळीचं वाचत नववीत जातं. याची मला मनापासून चीड येते.

सासऱ्यांना एक गोष्ट जरूर सांगा. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका १४ वर्षांच्या मुलाविषयी लिहिलं होतं. मुलगा हुशार, गणितात चांगला, पण वाचन काही केल्या जमेना. स्वतःच्या नावातली अक्षरंही उलटसुलट लिहायचा. त्याच्या शिक्षकांचं मत होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. तोंडी अख्खा धडा सांगतो, हे तुमच्या पत्रातलं वाक्य आणि हे मत शेजारी ठेवून बघा. हल्लीचं यात काही नाही.

आता शिकवायचं कसं, ते सांगते. बहुतेक मुलांत मूळ अडचण नजरेची नसते. बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करून ते अक्षरांशी जोडण्याची असते. म्हणून रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांच्यावर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्रितपणे सांगितलंय की या उपायांना पुरेसा पुरावा नाही. चुकलेला शब्द वीस वेळा लिहून काढायला लावणंही बंद करा. त्यातून हात दुखतो, शब्द येत नाही.

‘सूर्य’चंच घेऊ. वही मिटून ठेवा. त्याला शब्द सावकाश म्हणायला सांगा: सू… र्… य. प्रत्येक आवाजाला टेबलावर एक बटण पुढे सरकवायचं. तीन बटणं झाली. मग विचारा, ‘सुय’मध्ये किती सरकतील? तो स्वतःच म्हणेल, दोन. गेलेला आवाज त्याला सापडला. आता त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, की हा ‘र्’ ऐकू येतो ‘य’च्या आधी, पण लिहायचा ‘य’च्या डोक्यावर. बाकीची मुलं हे बघून बघून उचलतात. तुमच्या मुलाला ते कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं, बस इतकंच. त्यानंतर त्याच नियमाचे शब्द: कार्य, पर्व, धैर्य. मग या शब्दांची छोटी वाक्यं. रफार पक्का होईपर्यंत दुसरा नियम नको. पहिल्या वेलांटीची गंमतही अशीच आहे: ‘दिवा’ म्हणताना ‘इ’ येते ‘द’नंतर, लिहिताना वेलांटी येते आधी. रोज वीस मिनिटं पुरेत, पण रोज. सुट्टीच्या दिवशी दोन तास बसवून ते भरून निघत नाही.

लेखनिकाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही: सांगून लिहून घेणं हेही शिकावं लागतं. वार्षिक परीक्षेत पहिल्यांदाच अनोळखी माणूस शेजारी बसला, तर पाठ असलेलं मूलही गप्प होतं. आतापासून घरी सराव करा. त्याने बोलायचं, तुम्ही जसंच्या तसं लिहायचं, एक शब्दही पदरचा घालायचा नाही. पूर्णविराम, नवा परिच्छेद, आकृतीतल्या भागाचं नाव कुठे घालायचं, सगळं त्याने सांगायचं. आधी कच्च्या कागदावर चार-पाच मुद्द्यांचे शब्द त्याला स्वतःला लिहू द्या, कसेही लिहिले तरी चालतील. शिवाय टायपिंग शिकवायला घ्या. पुढे लेखनिकाची गरज त्यानेच कमी होते.

पुढे याचं काय होणार, ही काळजी पत्राच्या ओळींमागे दिसते. कॅरोल ग्रायडर या अमेरिकी शास्त्रज्ञांना डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता आहे. लहानपणी त्या स्वतःला मठ्ठ समजत. पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेत गुण कमी पडले आणि बहुतेक विद्यापीठांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. बर्कली विद्यापीठाने मात्र प्रयोगशाळेतला अनुभव पाहून त्यांना प्रवेश दिला. तिथे १९८४ मध्ये त्यांना गुणसूत्रांची टोकं राखणारं टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) सापडलं, त्यासाठी २००९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना दोन सहकाऱ्यांसह मिळालं. तुमचा मुलगा नोबेल मिळवेल असं मी म्हणत नाही. परीक्षेने माणसाची अर्धीच बाजू पाहिली तर केवढं हातचं जातं, एवढंच दाखवते.

आणि निदान मुलापासून लपवू नका. नाव सांगितलं नाही तर तो स्वतःच एक नाव शोधतो, आणि ते बहुधा ‘ढ’ हेच असतं.

प्रश्न: माझ्या वर्गात चाळीस मुलं आहेत. विशेष शिक्षक नाही. एकटी काय करू शकते? – एक शिक्षिका

उत्तर: शाळकरी वयात अध्ययन अक्षमता ५ ते १५ टक्के मुलांना असते. म्हणजे तुमच्या वर्गात अशी दोन ते सहा मुलं असू शकतात, निदान झालेलं असो वा नसो. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावण्याऐवजी त्यांना छापील कागद द्या; दर वेळी मान वर केली की त्यांची ओळ हरवते. गणितातलं शाब्दिक उदाहरण एकदा मोठ्याने वाचून दाखवा, काहीजण लगेच सोडवतील आणि अडचण गणिताची नव्हती हे तुम्हालाच कळेल. विज्ञानाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. मोठ्याने वाचायला अचानक उभं करू नका. कुठला परिच्छेद वाचायचा ते आदल्या दिवशी हळूच सांगून ठेवा, म्हणजे मूल तयारी करून येईल.