मेमरीचा कोणता आकडा खरा?

प्रश्न : नव्या संगणकांना प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी त्यांचा ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरचे चित्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) विंडोजमध्ये किती मेमरी वापरतो, हे मोजण्याचे काम माझ्याकडे आहे. यंत्र तेच, ड्रायव्हर तोच, तरीही सकाळच्या आणि दुपारच्या मोजणीत मोठी तफावत येते. अहवालात कोणता आकडा लिहावा? विंडोजचा मूळ साधा डिस्प्ले ड्रायव्हर लावून येणारा आकडा त्यातून वजा केला तर चालेल का?

उत्तर : दोन्ही आकडे खरे असण्याचीच शक्यता अधिक आहे, कारण ग्राफिक्स ड्रायव्हरची मेमरी एका जागी नसते. त्याचा एक भाग कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालतो आणि नॉन-पेज्ड पूलमधून, म्हणजे डिस्कवर कधीही हलवता न येणाऱ्या मेमरीतून, जागा घेतो; दुसरा भाग डीएलएलच्या (अनेक प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या कोडच्या फाइलच्या) रूपाने ग्राफिक्स वापरणाऱ्या प्रत्येक प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये, लोड होतो. या डीएलएलचा कोड सर्व प्रोसेसना सामाईक असला, तरी तिने मागणी करून घेतलेली मेमरी प्रत्येकीची स्वतंत्र असते. त्यामुळे दुपारी एखादा ब्राउझर उघडा राहिला असेल, तर ड्रायव्हर न बदलताही आकडा फुगतो. वर्किंग सेटची, म्हणजे प्रत्येक प्रोसेसने त्या क्षणी मुख्य मेमरीत व्यापलेल्या जागेची, सरळ बेरीज करू नये, कारण तीत सामाईक पाने (मेमरीचे ठराविक आकाराचे तुकडे) पुन्हा पुन्हा मोजली जातात. प्रायव्हेट वर्किंग सेट, म्हणजे त्यातला फक्त त्या प्रोसेसचा स्वतःचा भाग, घ्यावा.

जोडलेला मॉनिटर कोणता होता, हेही अहवालात हवेच. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले, तर १९२०×१०८० च्या एका फ्रेमला ८२,९४,४०० बाइट लागतात आणि ३८४०×२१६० च्या फ्रेमला ३,३१,७७,६००, म्हणजे नेमके चौपट. अशा दोन-तीन फ्रेम एकाच वेळी मेमरीत असतात, शिवाय प्रत्येक खिडकीचे चित्र वेगळे. विंडोज व्हिस्टामध्ये तर खिडकीच्या चित्राची एक प्रत ग्राफिक्स मेमरीत आणि दुसरी मुख्य मेमरीत ठेवली जात असे. विंडोज ७ बरोबर आलेल्या डब्ल्यूडीडीएम १.१ (विंडोजच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांची रचना ठरवणारी पद्धत) मुळे ही दुसरी प्रत टाळता येऊ लागली. ज्या यंत्रात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही, तिथे हा सगळा भार मुख्य मेमरीवरच पडतो. त्यातही फर्मवेअरने (यंत्र सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरने) सुरुवातीलाच बाजूला काढलेला हिस्सा टास्क मॅनेजरमध्ये ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ या नावाखाली दिसतो आणि ड्रायव्हरच्या खात्यात धरला जात नाही, म्हणून तो वेगळा नोंदवावा.

वजाबाकीबद्दल मात्र आपल्याला सावध करणे मला आवश्यक वाटते. साधा ड्रायव्हर असताना हार्डवेअरची मदत मिळत नाही, म्हणून डेस्कटॉपचे चित्र जुळवण्याचे काम वॉर्प हा सॉफ्टवेअर रास्टरायझर (ग्राफिक्स चिपऐवजी सॉफ्टवेअरने चित्र काढणारा विंडोजचा घटक) प्रोसेसरवर करतो आणि त्यालाही मेमरी लागतेच. म्हणजे ज्याला आपण शून्य समजतो, ते शून्य नसतेच. वजाबाकी केल्यावर आपला ड्रायव्हर आहे त्याहून हलका दिसेल. त्यापेक्षा त्याच यंत्रावर, त्याच मॉनिटरसह, ड्रायव्हरच्या मागील आवृत्तीशी तुलना करावी.

प्रमाणपत्रासाठीची चाचणी हार्डवेअर लॅब किटमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या चाचणी-संचात) सांगितलेल्या अटींवरच चालवावी. स्वतःच्या अभ्यासासाठी मोजताना प्रत्येक वेळी यंत्र नव्याने सुरू करून पार्श्वभूमीतील कामे शांत होऊ द्यावीत, पहिली फेरी बाजूला ठेवावी (तेव्हा शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्रॅम, नव्याने कंपाइल होतात), आणि उरलेल्या फेऱ्यांचा मध्यक सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकड्यांसह लिहावा. ड्रायव्हर व्हेरिफायर (ड्रायव्हरमधील चुका पकडणारे विंडोजचे साधन) चालू ठेवून वापर कधीही मोजू नये. त्यातील स्पेशल पूल काही बाइटांच्या मागणीलाही ४ किलोबाइटांचे अख्खे पान देतो, त्यामुळे आलेला आकडा ड्रायव्हरचा राहत नाही.

तरीही माझ्या मते एकदाच घेतलेल्या आकड्यापेक्षा वाढीचा कल अधिक मोलाचा आहे. यंत्र झोपवून जागे करणे, रेझोल्यूशन बदलणे, दुसरा मॉनिटर जोडून काढणे हे चक्र शंभर वेळा चालवा आणि दर दहा चक्रांनंतर पूलमॉनमध्ये (कर्नलची मेमरी कोण किती घेतो ते टॅगनुसार दाखवणाऱ्या साधनात) आपल्या ड्रायव्हरच्या चार अक्षरी टॅगसमोरील बाइट टिपून ठेवा. सुरुवातीला थोडी वाढ होऊन रेषा सपाट झाली, तर तो बहुधा कॅश भरण्याचा परिणाम असतो. प्रत्येक चक्रागणिक साधारण तेवढेच बाइट वाढत राहिले, तर मेमरी परत केली जात नाही असे समजावे आणि एकूण वापर मर्यादेत बसत असला तरी तो ड्रायव्हर दुरुस्तीसाठी परत पाठवावा.