मोटारसायकलचा एक्सलेटर झटके न देता चालवायला कसे शिकावे?

आपण लिहिले आहे की, अनेक वर्षे स्कूटर चालवल्यानंतर आता १२५ सीसीची नवी मोटारसायकल घेतली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ती झटके देते, मागे बसलेल्या पत्नीचे हेल्मेट आपल्या हेल्मेटवर आपटते, आणि एका मित्राने यावर उपाय म्हणून मोठ्या इंजिनाची गाडी घेण्यास सुचवले आहे. मित्राचा हा सल्ला वाचला नसता तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. आमच्या दाजींकडून हेच वाक्य मी इतकी वर्षे ऐकले आहे की, ते आता दुसऱ्या कोणी उच्चारले तरी माझे डोके तापते. मोठ्या इंजिनाने झटका जात नाही. तेवढीच मूठ फिरवली असता उलट तो अधिक जोराने बसतो.

माझा हात दुधाच्या कॅनवर तयार झाला. धारूरच्या आसपासच्या वाड्यांवरून सकाळी दूध गोळा करायचे आणि घाट उतरून तेलगावच्या अंगाला संकलन केंद्रावर पोहोचवायचे, हा आमच्या घरचा धंदा होता. गाडी शंभर सीसीची आणि दोन्ही बाजूंना लोखंडी आकड्यांना अडकवलेला ४० लिटरचा एकेक कॅन. दोन्ही कॅन गळ्यापर्यंत भरलेले असले की नुसत्या दुधाचेच वजन ८० किलोच्या वर जाते, तरी ते ओझे गाडीशी जखडल्यासारखे मुकाट्याने चालते. खरा त्रास अर्ध्या कॅनचा असतो. मूठ एकदम सोडली की गाडी दबते आणि दूध पुढे धावते. पुन्हा पिळली की गाडी निघून जाते, दूध मागे राहते आणि जरा उशिराने कॅनच्या पत्र्यावर आदळून तो धक्का सीटखाली पोहोचवते. शिवाय असे घुसळत नेलेल्या दुधाचे झाकण केंद्रावर उघडले, तर आतल्या बाजूला लोण्याचे बारीक कण चिकटलेले दिसतात. ती फॅट दुधातून गेलेली असते आणि पैसे तर फॅटवरच मिळतात.

वडील आजारी होते आणि माझी परीक्षा चालू होती, म्हणून एकदा ही फेरी दाजींनी केली. ते बुलेट चालवणारे असल्यामुळे शंभर सीसीच्या गाडीकडे त्यांचा पाहण्याचा दृष्टिकोन आधीपासूनच ठरलेला होता. घाटाच्या वळणावर त्यांनी मूठ सोडली, वळण संपताच ती पिळली, झाकणाखाली घट्ट बसवलेला प्लॅस्टिकचा कागद सुटला आणि दूध सायलेन्सरवरून रस्त्यावर गेले. जळक्या दुधाचा तो वास पुढे बरेच दिवस गाडीला येत होता. केंद्रावर चार लोकांसमोर त्यांनी जाहीर केले की, असल्या डबड्यावर कोणाचाच हात बसणार नाही, कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, गेला आहे. मेकॅनिकने कार्बोरेटर खोलला, पुसला आणि होता तसा परत बसवला, कारण त्यात काही बिघडलेलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवरून तेच कॅन मी न सांडता उतरवले, तर दाजी म्हणाले की, आज दूध कमी होते. हा वाद आमच्याकडे लग्नकार्यात अजूनही निघतो.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. लोक एक्सलेटर उघडायला शिकतात, पण बंद करायला कोणी शिकत नाही. मूठ पूर्ण सोडली की इंजिन चाकाला मागे ओढू लागते आणि साखळीतील व गिअरमधील ढील उलट्या बाजूला जाते. त्यानंतर मूठ पिळताच ती सगळी ढील एकदम भरून निघते. झटका म्हणतात तो हाच. म्हणून मूठ उघडताना आधी ढील भरण्यापुरतीच, जेमतेम हलवावी, गाडीने ओढ घेतल्याचे जाणवले की मगच पुढे न्यावी, आणि बंद करतानाही त्याच धीराने परत आणावी. आपली गाडी नवी आहे, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या प्रदूषण नियमानंतरची, आणि बहुधा इंधन इंजेक्शनची, म्हणजे कार्बोरेटरऐवजी मोजून पेट्रोल फवारणारी असणार. धावत्या गाडीची मूठ पूर्ण बंद झाली की अशा इंजिनात पेट्रोल तोडले जाते आणि मूठ उघडताच पुन्हा सुरू होते, त्यामुळे ही सवय कार्बोरेटरच्या काळापेक्षा आज अधिक गरजेची आहे.

टाकी मांड्यांनी धरावी, कोपरे सैल ठेवावीत आणि मनगट उंच ठेवू नये, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात शरीराबरोबर मूठही पिळली जाते. अंगठा स्विचच्या डबीला टेकवून ठेवल्यास मूठ किती फिरली, हे बोटांना आपोआप कळते. पहिला गिअर गाडी हलवण्यापुरता वापरून लगेच दुसरा टाकावा. गर्दीत वळताना मूठ थोडी उघडी व स्थिर ठेवून वेग हाफ क्लच, म्हणजे अर्धवट दाबलेला क्लच, आणि मागच्या ब्रेकने सांभाळावा. सरावासाठी उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे, भरपूर अंतर राखून, ब्रेकला हात न लावता दुसऱ्या गिअरमध्ये चालून पाहावे. अर्थात हा सराव सपाट रस्त्यावरच करावा. घाटात त्या ट्रॅक्टरच्या मागे थांबण्यासारखा मूर्खपणा नाही, कारण ट्रॉली चढावर मागे येते आणि सांडलेल्या उसावरून टायर घसरतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. केबल ताणली जाण्याआधी एक्सलेटरच्या मुठीला बहुतेक गाड्यांत २ ते ६ मिलिमीटर मोकळी हालचाल असावी लागते. ती वाढलेली असेल, साखळी लोंबत असेल किंवा मागच्या चाकाच्या हबमधील धक्का शोषणारी रबरे झिजली असतील, तर उत्तम हातालाही झटका चुकत नाही. नवी गाडी असली तरी पहिल्या सर्व्हिसिंगला साखळी आणि केबल समोर उभे राहून तपासून घ्यावी. बुलेटचे जड फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती एकसारखी ठेवणारे चाक, संथ चालीत चालवणाऱ्याच्या चुका पोटात घालते, हेही खरे आहे, आणि दाजींचे एवढे मी मान्य करतो. पण चुका झाकणारी गाडी घेणे वेगळे आणि हात बसवणे वेगळे, म्हणून याच १२५ वर हात बसेपर्यंत आपण मित्राला थोपवून धरावे, आणि पत्नीला मागे बसवण्याआधी दूध नसले तरी अर्धा भरलेला पाण्याचा कॅन मागे नीट बांधून दोन-चार चकरा माराव्यात.